घरात आलं ते सगळ्यांचं

‘हे तुझ्या वयाचं पुस्तक नाही,’ हे वाक्य आमच्या घरात एकाच पुस्तकाबद्दल ऐकलं, खांडेकरांच्या ‘ययाति’बद्दल. सांगणारे मोठे काका, ऐकणारी ताई, तेव्हा नववीतली. सांगून झाल्यावर काकांनी पुस्तक फडताळात ठेवलं, तेही पुढच्याच रांगेत. त्या सुट्टीत ताई दुपारची माळ्यावर गुडूप व्हायची, आणि एरवी भांडी विसळायला पोरींना शोधत फिरणाऱ्या काकूनं तिला एकदाही हाक मारली नाही. काकांना सगळं ठाऊक होतं, आणि काकांना ठाऊक आहे हे ताईलाही ठाऊक होतं. एवढा अपवाद सोडला तर छापलेलं जे काही उंबरठ्याच्या आत आलं ते सगळ्यांचं, असाच रिवाज होता.

हल्ली पुस्तकांच्या दुकानात ‘वय ६ ते ८’, ‘वय ९ ते १२’ अशा पाट्या दिसतात तेव्हा प्रश्न पडतो, आमच्या वाड्यातल्या मंडळींना कुठल्या कप्प्यात बसवलं असतं? आजीला अक्षरओळख झाली तेव्हा तिनं पन्नाशी ओलांडली होती आणि तिचं पाठ्यपुस्तक पहिलीचं होतं. आजोबा सत्तरीतही ‘चांदोबा’तली विक्रम-वेताळाची गोष्ट चुकवत नसत, आणि वेताळाच्या प्रश्नाचं उत्तर विक्रमाच्या आधी स्वतः देत; बऱ्याचदा चूक. आणि आम्ही चौथी-पाचवीतली पोरं अग्रलेख वाचत होतो. हौसेनं नव्हे, ते पुढे सांगते.

जुन्या नाशकातला वाडा. तीन भावांचं एकत्र कुटुंब, आजी-आजोबा, आणि लवकर माहेरी परतलेली आत्या. आम्ही चुलत भावंडं साठच्या दशकातली. पैसा बेताचा. विकत घेतलेली पुस्तकं फडताळाच्या दोन फळ्यांवर मावत: ज्ञानेश्वरी, गीतारहस्य, पोथ्या, मुंजीत आणि लग्नात आलेली काही, आणि शाळेत बक्षीस मिळालेली, ज्यांच्या पहिल्या पानावर मुख्याध्यापकांची सही असे. खरी रसद यायची ती सार्वजनिक वाचनालयातून. नाशिककर त्याला ‘सावाना’ म्हणतात. १८४० सालची संस्था, म्हणजे देशात आगगाडी धावायच्या आधीची, याचा आम्हाला फार अभिमान. पण दर सुट्टीत रत्नागिरीचे मामा यायचे आणि त्यांचं नगर वाचनालय १८२८चं असल्याची आठवण करून द्यायचे. मग आमचा अभिमान पुढच्या सुट्टीपर्यंत थोडा खाली बसायचा.

वर्गणी एकाच सभासदाची. कार्डावर एक पुस्तक आणि एक मासिक. वाचणारी माणसं मात्र सात-आठ. त्यामुळे जो पुस्तक बदलायला जाई त्याच्या हाती सत्ता असे. निघताना त्याच्या खिशात चिठ्ठ्या कोंबल्या जात: आजोबांना चरित्र, आईला कादंबरी, आत्याला ‘स्त्री’चा नवा अंक, दादाला फास्टर फेणे. काउंटरवरचे गृहस्थ चिठ्ठ्या बघून म्हणायचे, “एवढी वऱ्हाडी मंडळी, आणि कार्ड एकच?” मग जे पुस्तक येई ते मुदतीच्या आत सगळ्यांच्या हातांतून फिरायला हवं, नाहीतर दंड. म्हणून घरात पुस्तकाच्या पाळ्या होत्या. पहाटे आजोबा. दुपारी आत्या आणि काकू. शाळेतून आल्यावर दिवेलागणीपर्यंत आम्ही. रात्री बाबा. आणि सगळ्यांची जेवणं, उष्टी-खरकटी, उद्याचं विरजण, हे सगळं उरकल्यावर आई. ती ओट्याला टेकून उभ्याउभ्याच वाचायची. बसलं की झोप लागते, असं तिचं म्हणणं.

एकाच पुस्तकात एका वेळी चार-पाच खुणा असत. बाबांचं एसटीचं तिकीट, आत्याची केसांची पिन, आजोबांचा पंचांगाचा फाटका कपटा, आईची वाण्याची यादी. खुणेवरून कोण कुठवर पोचलंय ते कळे. आईची यादी बरेच दिवस एकाच पानात दिसली की घरात पाहुणे आहेत किंवा कुणीतरी आजारी आहे, एवढं पुस्तक उघडूनच समजायचं. दुसऱ्याची खूण हलवणं हा आमच्याकडचा सर्वांत मोठा गुन्हा. त्याखालोखाल शेवट सांगणं. ‘स्वामी’ घरात आलं तेव्हा आत्या अगदी रंगात आली होती, आणि आजोबा चहा पिता पिता म्हणाले, “जातात ते शेवटी थेऊरला. रमाबाई सती जातात.” आत्या दिवसभर त्यांच्याशी बोलली नाही. १७७२ साली घडून गेलेली गोष्ट लपवायची कशी, हा आजोबांचा बिनतोड मुद्दा होता. वर त्यांनी भर घातली की माधवरावांच्या आई, गोपिकाबाई, आपल्या इथल्या गंगापुरालाच येऊन राहिल्या होत्या, तेही पुढे असेल तर बघ. आत्यानं त्यांचा चहा बंद केला.

दिवाळीत या शिस्तीचा बोजवारा उडायचा. फराळापेक्षा अंकांवरून जास्त भांडणं होत. ‘मनोरंजन’नं १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी माणसाला लाडू खाताना वाचायची सवय लागली ती लागलीच, असं आजोबा म्हणत. आम्ही अंक विकत घेत नसू. रक्कम एकदाच भरायची आणि तुळशीच्या लग्नापासून थेट उन्हाळ्यापर्यंत अंक बदलून आणायचे, अशी योजना असे. चांगले अंक सुरुवातीलाच पळत, म्हणून दादा लवकर जाऊन रांगेत उभा राही. ‘आवाज’ आला की घरातल्या मोठ्यांना अचानक कामं सुचत. त्यातल्या खिडकी-चित्रांची खिडकी आधी कुणी उघडायची, हे आम्ही पोरं चिठ्ठ्या टाकून ठरवायचो. आणि काका रात्री दिवा बारीक करून त्याच खिडक्या पुन्हा उघडतात, हे आम्ही दाराच्या फटीतून पाहिलेलं आहे. ‘मौज’ बाबांचा, ‘किस्त्रीम’ आत्याचा, दलालांची चित्रं असलेला ‘दीपावली’ सगळ्यांचा. हे ‘बाबांचा’, ‘आत्याचा’ नुसतं म्हणायला. मे महिन्यात सगळे वाचून झाल्यावर आम्ही पोरं ‘मौज’मधल्या कथांकडेही वळायचो. निम्म्याहून जास्त कळत नसे. कुठली तरी बाई खिडकीशी उभी राहते आणि कथा संपते. एवढंच? पण ती बाई डोक्यातून जायची नाही. मुलांना समजेल तेवढंच द्यावं असं आज म्हणतात. मला ते पटत नाही. न कळलेलं तेव्हा जेवढं आत रुतलं, तेवढं कळलेलं रुतलं नाही.

आजीचं सांगायलाच हवं. ती लिहायला-वाचायला शिकली ती आमच्या धाकट्यामुळे. तो पहिलीत गेला तेव्हा ती तांदूळ निवडत बसायची आणि तो समोर मांडी घालून बालभारतीचं पुस्तक उघडून मोठ्यानं वाचायचा. ती समोरून बघायची. परीक्षा झाली तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं की आजीला अक्षरं येतात, पण उलटी. पुस्तक तिच्याकडे सरळ धरलं की ती अडखळे आणि फिरवून धरलं की भराभर वाचे. आम्ही हसून गडाबडा लोळलो. ती शांतपणे म्हणाली, “तुम्हाला येतं का असं?” येत नव्हतं. सरळ वाचायला ती दिवाळीपर्यंत शिकली.

मग तिनं पोथी उघडली. शिवलीलामृताचा अकरावा अध्याय तिला लग्नाआधीपासून पाठ, नुसता ऐकून. छापील अध्यायावर बोट ठेवून वाचताना तिच्या ध्यानात आलं की काही शब्द आपण जन्मभर वेगळेच म्हणत आलो. आत्यानं दुरुस्त करायचा प्रयत्न केला. आजीनं पोथी मिटली. “राहू दे. महादेवाला माझ्या बोलण्याची सवय झालीय.”

तिच्या हाती पहिलं ‘आपलं’ पुस्तक दिलं ते आत्यानं: लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’. लक्ष्मीबाई गोदाकाठच्या जलालपूरच्या, म्हणजे आमच्या शेजारच्या. शाळेचं तोंड न पाहिलेली, नवऱ्यानं अक्षरं शिकवलेली ही बाई; आणि तिनं लिहिलेलं आत्मचरित्र १९३४ पासून मराठीत वाचलं जातंय. आजीला ‘शाळेत न गेलेली’ हे ऐकूनच उत्सुकता वाटली. अडचण एकच, नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले होते, आणि आजीचं सोवळं कडक. तिनं स्वतःच तोडगा काढला. पुस्तक देवघरात न्यायचं नाही, वाचल्यावर हातपाय धुवायचे, आणि वाचायचं ओसरीवर. मनातल्या मनात वाचणं तिला कधी जमलं नाही. ओठ हलायचे, मग आवाज यायचा, मग तो वाढायचा. त्यामुळे ‘स्मृतिचित्रे’ अख्ख्या वाड्यानं ऐकलं, भाडेकरूंसकट. लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या सोवळ्याचा अतिरेक वाचताना ती थांबली, चष्मा काढला आणि डोळ्यांतून पाणी येईतो हसली. “अगं, हे तर आमच्या मामंजींचंच लिहिलंय!” त्यानंतर हातपाय धुवायचा नेम कधी सुटला ते कुणी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. पुढच्या खेपेला आत्यानं रमाबाई रानड्यांच्या आठवणी आणल्या. लग्नानंतर नवऱ्याकडे शिकणारी ती पोरसवदा सून आणि तिच्या शिकण्यावर नाकं मुरडणाऱ्या घरातल्या वडीलधाऱ्या बायका. हे मात्र आजी हसत वाचू शकली नाही. ती काही काळ गप्पच असायची. मग एका संध्याकाळी आईला म्हणाली, “तू दिवसाउजेडी वाचत जा. खरकटं मी बघते.” आईनं ऐकलं नाही, पण ओट्याशी एक स्टूल आलं.

आता अग्रलेख. आजोबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. तेव्हा ते आजच्यासारखं सकाळी जाऊन दुपारी परत यायचं प्रकरण नव्हतं. डोळ्यांवर पट्टी, मान हलवायची नाही, नंतर बाटलीच्या बुडाएवढ्या जाड भिंगांचा चष्मा आणि तोवर वाचन बंद. निवृत्त शिक्षक माणूस, वर्तमानपत्राशिवाय तळमळायला लागला. म्हणून आम्हा पोरांच्या पाळ्या लागल्या. ‘गावकरी’ पहिल्या पानापासून वाचायचा, अग्रलेख सोडायचा नाही. मजुरी, एक श्रीखंडाची गोळी. आम्हाला वाटायचं, पडल्यापडल्या झोपलेत, एखादा परिच्छेद गाळावा. पट्टीखालून आवाज यायचा, “मधलं कुठं गेलं?” स्वल्पविरामाला न थांबल्यास पुन्हा सुरुवातीपासून. अर्थ विचारला की, “पुढं वाच, कळेल.” ‘सर्वंकष’, ‘ध्येयधोरण’, ‘अविश्वासाचा ठराव’ हे शब्द आम्ही असे श्रीखंडाच्या गोळीबरोबर चघळले. घरातल्या तिघांनी पुढे वक्तृत्व स्पर्धांत बक्षिसं मिळवली, त्याचं श्रेय शाळेनं घेतलं.

एका दुपारी आजी निजल्यावर आजोबांनी मला जवळ बोलावलं. “दार लोट. दादाच्या दप्तरात अर्नाळकरांचं काहीतरी असेल बघ.” बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, आणि त्या वाचणाऱ्या पोरांच्या पाठीत शिक्षक आजोबांनी आयुष्यभर धपाटे घातले होते. त्या दुपारपासून पट्टी सुटेपर्यंत आम्ही रोज झुंजारच्या मागावर असायचो. रहस्य उलगडायच्या आधीच आजोबा गुन्हेगार सांगून टाकत, आणि इथेही वेताळाच्या उत्तरांइतकंच चुकत.

हे सगळं लिहिताना मला तांबट आळीतली माझी मैत्रीण आठवते. तिच्या घरी छापील म्हणून भिंतीवरचं ‘कालनिर्णय’ तेवढं असे. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ती बारा महिन्यांच्या पानांच्या मागच्या बाजू वाचून संपवायची: पाककृती, आरोग्य, लेख, सगळं. आणि मग वर्षभर उपाशी. आमच्या ओसरीवर येऊन ती ‘किशोर’ वाचायची. १९७१च्या नोव्हेंबरात बालभारतीनं ते मासिक सुरू केलं आणि आमच्या घरी पहिल्या वर्षापासूनचे अंक बांधून ठेवलेले होते. घरी न्यायला मागितले तर आई देत नसे, फाटतील, हरवतील. त्या काळाचं कौतुक करताना हे विसरून चालत नाही. वाचनाचं सुख वाड्यातल्या ओसरीपर्यंत होतं, त्याच्या बाहेर ते लोकांना खटपटीनं मिळवावं लागे. १९६७ साली ग्रंथालयांचा कायदा झाला, गावोगावच्या वाचनालयांना अनुदान मिळू लागलं; १९७४ मध्ये ‘ग्रंथाली’ची चळवळ पुस्तकं घेऊन वाचकांकडे निघाली. मैत्रीण पुढे एका तालुक्याच्या गावी शिक्षिका झाली. वर्गातल्या कपाटाला तिनं कधी कुलूप लावलं नाही. आईच्या बांधीव ‘किशोर’वर तिनं घेतलेला तो सूड असावा.

आणि काकूचं वाचन. तिला पाळी मिळायची, पण तिचा जीव रमायचा वाण्याच्या पुड्यांच्या कागदांत. जिरे-मोहरी डब्यात ओतली की ती कागद मांडीवर सपाट करून वाचायला बसे. एकदा हळदीच्या पुडीतून एका कथेचं मधलंच पान आलं: नवरा परगावी, दारात पोस्टमन, आणि पान संपलं. काकूनं वाण्याकडे बाकीची पानं मागायला मला पिटाळलं. ती केव्हाच कुणाच्या तरी साबुदाण्याला गेली होती. शेवटी काकूनं तिचा शेवट स्वतःच रचला आणि आम्हाला रात्री सांगितला. पुढच्या महिन्यात सांगितला तेव्हा तो वेगळा होता.

आता आम्ही भावंडं आजी-आजोबांच्या त्या वेळच्या वयाच्या जवळ येऊन पोचलोय, आणि तीच पुस्तकं पुन्हा हातात घेतो तेव्हा ती आम्हाला निराळीच भेटतात. ‘श्यामची आई’ साने गुरुजींनी १९३३ मध्ये आमच्या नाशिकच्याच तुरुंगात लिहिली, म्हणून आमच्या शाळेत तिचं जरा जास्तच प्रस्थ. पोहायला जायला घाबरून लपलेल्या श्यामला आई झोडपून काढते, ते वाचताना आम्ही सगळे श्यामच्या बाजूचे. वळ त्याच्या पाठीवर, पण हुळहुळायची आमची. मुलगी दहा वर्षांची असताना तिला तेच प्रकरण वाचून दाखवत होते, तर माझं सगळं लक्ष मारणाऱ्या हातांकडे. आता परवा वाचलं, तेव्हा दोघांपेक्षा जास्त दिसले ते वडील, कर्जात बुडालेले, घरात असून नसल्यासारखे. ‘अंतू बर्वा’वर लहानपणी आम्ही इतके हसायचो की पुलंचं नाव निघालं तरी आजी म्हणे, आधी घास गिळा. परवा दादानं फोनवर विचारलं, “अंतूशेट इतके एकटे होते, हे तेव्हा कुणी सांगितलं का नाही आपल्याला?” पुलंनी सांगितलंच होतं. आम्ही हसत होतो.

वाडा पाच-सहा वर्षांपूर्वी बिल्डरकडे गेला. पितळेची घंगाळी, झोपाळ्याच्या कड्या, आजीचं देवघर, सगळं गोडीगुलाबीनं वाटलं. भांडण झालं ते दोन फळ्यांवरून. आजीचं ‘स्मृतिचित्रे’ ताईकडे आहे असं धाकटा म्हणतो आणि धाकट्याकडे आहे असं ताई. बांधीव ‘किशोर’ माझ्याकडे आहेत, आणि कुणी मागितल्याशिवाय मी ते दाखवत नाही. आईच्या वळणावर गेले, असं घरच्यांचं मत आहे.

आत्या नव्वदीला टेकलीय. भिंग घेऊन वाचते, डोळे शिणले की कुणालाही धरून वाचायला बसवते. गेल्या गणपतीत ताईचा नातू तिच्या तावडीत सापडला. पुण्यात इंग्रजी शाळेत जातो, मराठी वाचतो पण धापा टाकत. त्याच्या हातात जपानी चित्रकथेचं पुस्तक होतं, इंग्रजीतलं. आत्या म्हणाली, “हेच वाच, मराठीत सांगत सांगत.” त्यानं शेवटचं पान उघडलं. “अरे, मागून का सुरुवात?” ते जपान्यांचं असंच असतं, उजवीकडून डावीकडे, असं त्यानं समजावलं. तिनं भिंगातून चौकटी बघितल्या, कोण कुणाचा भाऊ ते नीट विचारून घेतलं, आणि आरतीची वेळ झाली तरी त्याला उठू दिलं नाही. आता दर रविवारी त्याचा फोन येतो. ती ‘जेवलास का’ विचारत नाही, एकदम गोष्टीवर येते. परवा त्यानं सांगितलं, “पणजीआत्या, तो भाग संपला, पुढचा माझ्याकडे नाहीये.”

“मग बदलून आण की,” आत्या म्हणाली. “आणि माझ्या आधी शेवट वाचू नकोस.”